दंतकथा नेमक्या कोणत्या काळाचा पुरावा असते? टिंटॅजेलचं उदाहरण

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्याने पायी निघालात तर पोर्ट आयझॅक, टिंटॅजेल, बॉसकासल अशी छोटी गावं लागतात. पोर्ट आयझॅक आणि बॉसकासल ही जुन्या बंदरांची गावं. टिंटॅजेलला मात्र लोक येतात ते राजा आर्थरसाठी. समुद्रात घुसलेल्या कड्यावर पडका किल्ला, खाली मर्लिन जादूगाराची गुहा. पर्यटक साहजिकच विचारतो, ‘आर्थर खरंच इथला होता का?’

संशोधनाला हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच, आणि तेही देता येत नाही. त्यापेक्षा विचारा: ही गोष्ट कोणी, कधी सांगितली आणि त्यामुळे पुढे काय घडलं?

आता पुरावे काळानुसार लावून बघू.

सगळ्यात खालचा थर इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाचा. 1930 च्या दशकात रॅली रॅडफर्ड यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा पूर्व भूमध्य समुद्राकडून आलेल्या भांड्यांची खापरं सापडली. त्यांनी अर्थ लावला की इथे मठ होता. पुढे 1983 मध्ये गवताला आग लागली आणि आणखी बांधकामांचे अवशेष उघडे पडले. आज बहुतेक अभ्यासक ही जागा स्थानिक राज्यकर्त्यांचं ठाणं मानतात. म्हणजे खापरं तीच, अर्थ बदलला. पण आर्थरचा पुरावा यात कुठेच नाही.

दुसरा थर 1136 च्या सुमाराचा. जेफ्री ऑफ मॉनमथ याने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला आणि आर्थरची गर्भधारणा टिंटॅजेलला झाली असं सांगितलं. वर्णन केलेला काळ आणि लेखनाचा काळ यांत सुमारे सहाशे वर्षांचं अंतर!

तिसरा थर 1233 नंतरचा, आणि खरी गंमत इथेच आहे. राजा तिसरा हेन्री याचा भाऊ रिचर्ड, अर्ल ऑफ कॉर्नवॉल, याने इथे किल्ला बांधला. लष्करीदृष्ट्या या जागेला फारसं महत्त्व नव्हतं. आर्थरच्या नावाशी स्वतःला जोडून घ्यायचं, हे त्यामागचं कारण असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे किल्ला हा दंतकथेचा पुरावा नाही. तो दंतकथेचा परिणाम आहे.

चौथा थर पर्यटनाचा. एकोणिसाव्या शतकात टेनिसनच्या काव्यामुळे आर्थर पुन्हा लोकप्रिय झाला. पुढे गावाचं ट्रेव्हेना हे नावही मागे पडलं आणि टिंटॅजेल हेच रूढ झालं.

1998 मध्ये ‘आर्टोग्नू’ नाव कोरलेला पाटीच्या दगडाचा तुकडा सापडला, तेव्हा ‘आर्थरचा दगड’ अशी चर्चा लगेच सुरू झाली. ते नाव आर्थरचं नाही, पण सहाव्या शतकात इथे लिहिता-वाचता येणारी माणसं होती हे त्यावरून कळतं. हवं ते शोधण्याच्या नादात हे निसटलं असतं.

दंतकथेवर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर आधी एक तक्ता करा. त्यात तीन रकाने: गोष्ट कोणत्या काळाबद्दल आहे, ती पहिल्यांदा कधी नोंदली गेली, आणि त्या जागेवरचा प्रत्येक अवशेष कधीचा आहे. दंतकथा बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यातल्या काळाबद्दल जास्त बोलते. तिन्ही तारखा वेगळ्या काढल्याशिवाय ‘या कथेला ऐतिहासिक आधार आहे’ हे वाक्य लिहू नका. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.