शेततळ्यातलं शेवाळ: औषधाआधी खत रोखा

अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहात्याच्या डाळिंबबागांना उन्हाळ्यात तारतं ते प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. त्यात शेवाळ धरलं की ठिबकच्या फिल्टरची जाळी बुळबुळीत थराने भरते आणि शेवटच्या झाडापर्यंत थेंब पोहोचत नाही. मग मोरचुदाची आठवण होते. पण शेवाळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. ऊन आणि साचलेलं पाणी असतंच. त्यात नत्र आणि स्फुरद मिसळले की शेवाळ फोफावतं.

मोरचुदाने पाणी लवकर निवळतं, हे म्हणणं खोटं नाही. मात्र मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि अंगातलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यातच सोडतं. पुढचं शेवाळ त्यावरच पोसतं. तळ्यात रोहू-कटला असतील, तर मोरचुदातलं जादा तांबं आणि प्राणवायूची टंचाई दोन्ही त्यांच्या जिवावर उठतात. म्हणून आधी बांध नीट करून शेतातलं खत मिसळलेलं पाणी आत येऊ देऊ नका, तळं रिकामं झालं की गाळ उपसा, जमेल तिथे शेडनेटची सावली करा. जाळीने काढलेलं शेवाळ काठावर न ठेवता खतखड्ड्यात टाका. वाहून आलेलं खत शेताला परत मिळेल.