फिजीनी यांचे मिलानमधील घर

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या इटलीतील वास्तुकलेचा विषय निघाला की मुसोलिनीच्या अमदानीतील सरकारी इमारती आणि त्यांच्या भव्य स्तंभपंक्तीच प्रथम डोळ्यांपुढे येतात; परंतु नव्या वास्तुविचाराचा खरा कस, माझ्या मते, दरबारी भपक्याची सक्ती नसलेल्या लहान खासगी घरांत लागला. १९२६ साली सात तरुण वास्तुविशारदांनी ‘ग्रुप्पो सेत्ते’ हे मंडळ स्थापन केले आणि घराचे रूप उसन्या अलंकारांतून नव्हे, तर त्याच्या उपयोगातून व रचनेतून सिद्ध व्हावे, मात्र त्यासाठी परंपरेशी वैर धरू नये, असा आग्रह धरला. त्यांच्यापैकी लुइजी फिजीनी आणि जीनो पोल्लिनी यांनी सहकाऱ्यांसह १९३० च्या मोंझा येथील प्रदर्शनात विजेच्या उपकरणांनी सुसज्ज असे नमुन्याचे घर उभारले. पण ते प्रदर्शनापुरतेच होते.

राहण्याजोगा दाखला फिजीनी यांनी १९३४-३५ मध्ये मिलानच्या पत्रकार वसाहतीत स्वतःसाठी बांधला. काँक्रीटच्या सडपातळ खांबांवर उचललेली ती लांबट पांढरी पेटी पाहिली की ल कॉर्ब्युझिए यांचे ऋण तत्काळ ओळखू येते, आणि फिजीनींनी ते कधी लपविले नाही. खांबांमुळे घराखालची जमीन मोकळी राहून बाग अखंड चालू राहते. पण मला अधिक मोलाच्या वाटतात त्या वरच्या गच्च्या. बाहेरून घराचाच भाग भासणाऱ्या भिंतींच्या आत छप्पर नसलेल्या जागा आहेत. त्या भिंतींत काचेवाचून चौकोनी झरोके ठेवले आहेत, आत झाडे लावली आहेत, आणि माथ्यावर थेट आकाश आहे. शेजाऱ्यांच्या नजरेपासून पूर्ण आडोसा आणि तरीही ऊन, वारा, पाऊस यांचा सहवास, ही सोय भूमध्य प्रदेशातील जुन्या चौकांच्या घरांनी शतकानुशतके जपली होती. फिजीनींनी ती जमिनीवरून उचलून मजल्यावर नेली.

असे घर ऐपतदारालाच परवडणार, ही बाब उघड आहे. परंतु फिजीनी तेथे थांबले नाहीत. निवास आणि हिरवाई यांच्या संबंधावर त्यांनी १९५० साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच सुमारास सरकारी गृहयोजनेतून मिलानमध्ये उभ्या राहणाऱ्या व्हिया हरार वसाहतीच्या कामात पोल्लिनी आणि जिओ पोंती यांच्यासह ते गुंतले होते.