लिहिताना अडणाऱ्या मुलाची गोष्ट

जळगावजवळील असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांच्या मुखातून जी गाणी सहज बाहेर पडत, ती त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी आणि आप्त पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या आणि पुढील वर्षी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. २०१८ पासून जळगावचे विद्यापीठही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठास लाभावे, यातील अर्थ आपल्या प्राथमिक वर्गांनी अद्याप पुरता मनावर घेतलेला दिसत नाही.

पाचोरा तालुक्यातील एखाद्या खेड्यातील चौथीच्या वर्गातला मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पाचोरा ते जामनेर धावणारी छोटी गाडी, म्हणजे सर्वांची ‘पीजे’, २०२० मध्ये बंद झाली. तिच्या हकिकती तो आजोबांकडून ऐकत आलेला आहे. त्यात स्वतःची भर घालून तो भावंडांना गोष्ट सांगतो. शेंदुर्णीला डब्यात शेळी चढते, ती तिकीट मागणाऱ्याचे तिकीटच खाऊन टाकते आणि अखेरीस स्वतः इंजिन हाकू लागते. ऐकणारे हसून लोटपोट होतात. याच मुलाला शाळेत ‘माझा प्रवास’ या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या, तर तासाभरात दोन ओळी होतात, त्याही खाडाखोडीच्या. वहीवर लाल शाईचा शेरा पडतो. घरी ‘याला डोके नाही’ असे बोलले जाते आणि कालांतराने मुलालाही ते पटू लागते. शेळीची गोष्ट मग तो भावंडांनाही सांगेनासा होतो. खरे नुकसान होते ते येथे.

गोष्ट रचणे आणि ती कागदावर उतरविणे ही दोन निराळी कामे आहेत. ज्याचा हात सरावलेला आहे त्याला हे जाणवत नाही. न सरावलेल्या मुलाला मात्र अक्षराचे वळण, ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षर यांवर एवढे लक्ष खर्च करावे लागते की, पुढचे वाक्य मनात धरून ठेवण्यास जागाच उरत नाही. आपल्या लिपीच्या काही अडचणी तर मोठ्यांच्या ध्यानातही येत नाहीत. ‘गिरणी’ म्हणताना आधी ‘ग’ उच्चारला जातो व नंतर ‘इ’, पण पहिली वेलांटी मात्र ‘ग’च्या आधी काढावी लागते. ‘गर्दी’ या शब्दात ‘र’ हा ‘द’च्या पूर्वी ऐकू येतो, पण रफार चढतो तो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. तोंडाचा क्रम एक आणि हाताचा क्रम दुसरा, असा हा प्रकार आहे. त्यात खानदेशातील बऱ्याच घरांतील बोली अहिराणी. मुलाच्या मनात ‘गाडी ऊनी’ असे येते आणि त्याला ‘गाडी आली’ असे लिहावयाचे असते. म्हणजे भाषांतराचेही ओझे त्याच्याच शिरावर.

यावरील पहिला उपाय सोपानदेवांनी केला तोच होय. मुलाने सांगावे आणि मोठ्याने लिहून घ्यावे. लिहून घेणाऱ्याने आपली भाषा त्यात घुसडू नये, हे पथ्य महत्त्वाचे आहे. मूल ‘माले’ म्हणाले तर ‘माले’च लिहावे. प्रमाण मराठीतील रूप पुढे केव्हाही शिकविता येईल, पण स्वतःचे वाक्य कागदावर जसेच्या तसे पाहण्याचा आनंद एकदा हुकला की हुकला. न्यूझीलंडमधील सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांना शिकविताना छापील पुस्तकाऐवजी मुलांनी स्वतः मागितलेल्या शब्दांपासून वाचनास आरंभ केला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी ही पद्धती वर्णिली आहे.

मूल विषय मिळताच गप्प बसत असेल, तर प्रथम चित्र काढू द्यावे. चार चौकटी आखून पहिल्या चौकटीत शेळी, दुसरीत गाडी असे रेखाटले की गोष्टीचा क्रम आपोआप ठरतो. मग ‘पुढे काय झाले?’ एवढेच विचारावे. ‘असे कसे होईल?’ हा प्रश्न टाळलेला बरा. शेळी इंजिन हाकू शकत नाही, हे मुलालाही ठाऊक असते.

लिहून घेतलेली गोष्ट मुलास वाचून दाखवावी, नंतर त्याच्याकडून बोट ठेवून वाचून घ्यावी. शब्द त्याचेच असल्याने तो ते पुष्कळदा ओळखतो. पुढील दिवशी त्यातले एकच आवडते वाक्य त्याने स्वतः उतरावे, त्यानंतर दोन, आणि काही आठवड्यांनी शेवट त्यानेच लिहावा. दुसऱ्याने लिहून दिल्यास मूल आळशी होईल, अशी शंका अनेक पालक घेतात. हातातील काम असे क्रमाक्रमाने मुलाकडे सोपविले, तर या शंकेस कारण राहत नाही. अक्षराचा सराव थांबवू नये, मात्र तो गोष्टीच्या वेळी करू नये. रोज दहा मिनिटे धूळपाटीवर किंवा ताटातील रव्यावर बोटाने गिरविणे त्यासाठी उपयोगी पडते. तपासतानाही एका वेळी एकच चूक दाखवावी, आणि ती गोष्टीच्या पानावर लाल शाईने नव्हे.

इतके करूनही अडचण कायम राहिली, तर तपासणी करून घेणे इष्ट. आरंभ डोळ्यांपासून व कानांपासून करावा. फळा न दिसणारे मूलही ‘ढ’ ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके शाळांतून मुलांची तपासणी करतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाविषयी चौकशी करता येते. ‘तारे जमीन पर’ या २००७ सालच्या चित्रपटामुळे अध्ययन अक्षमता हा विषय घराघरांत पोहोचला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. योग्य प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांस राज्य मंडळाच्या परीक्षांत वाढीव वेळ, लेखनिक आदी सवलती मिळतात. मात्र वाईट हस्ताक्षराचे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. स्थलांतरामुळे बुडालेली शाळा हेही अडखळण्याचे कारण असू शकते.

हस्तलिखिताची परंपरा या परिसराला नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी तेथील वसतिगृहातील विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. आजच्या वर्गास दैनिक झेपणार नाही, पण आठ पाने दुमडून मध्ये दोरा घातला की एका गोष्टीची वही सहज तयार होते. मुखपृष्ठावर ‘सांगणार’ म्हणून मुलाचे नाव ठळक अक्षरांत घालावे, आणि त्याखाली ‘लिहून घेणार’ म्हणून आईचे, ताईचे किंवा गुरुजींचे. अशा वह्या वर्गातील पुस्तकपेटीत छापील पुस्तकांच्याच शेजारी ठेवाव्यात, म्हणजे दुसरी मुले त्या मागून नेऊन वाचू शकतील.