वनस्पतिज इंधन आणि जमिनीचा हिस्सा

वनस्पती हवेतून कर्ब घेतात आणि जमिनीतून नत्र, स्फुरद व पालाश. त्या जाळल्या असता उष्णता मिळते ती मुख्यतः कर्ब व हायड्रोजन यांच्या ज्वलनामुळे. नत्रापासून उष्णता मिळत नाही; तो केवळ हवेत निघून जातो. म्हणून टाकाऊ वनस्पतिज द्रव्यांचा इंधन म्हणून विचार करताना, जमिनीचा हिस्सा जमिनीस परत मिळतो किंवा नाही, हे प्रथम पाहावे लागते. महाराष्ट्रातील तीन पदार्थांच्या तुलनेने हे स्पष्ट होईल.

पहिला पदार्थ उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. १०० टन ऊस गाळला असता सुमारे ३० टन बगॅस निघतो. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. तथापि तो कारखान्यातच गोळा होत असल्याने वाहतुकीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्यातील नत्रही अल्प असतो. उच्च दाबाचे बॉयलर बसविल्यास कारखान्याची गरज भागून वीज उरते. असा पदार्थ जाळणे युक्तच होय.

उसाच्या पाचटाची गोष्ट निराळी. ते शेतभर विखुरलेले, हलके व जागा व्यापणारे असते. गोळा करून दूर नेण्यात खर्च पुष्कळ. शेतातच पेटवून दिल्यास ना ऊर्जा मिळते, ना खत. सरींत आच्छादन म्हणून पसरल्यास मात्र ओल टिकते व ते कुजून जमिनीत मिसळते.

तिसरा पदार्थ शेण. गोवरी जाळली की नत्र गेला. उरते ती राख. तेच शेण पाण्यात कालवून हवाबंद टाकीत ठेवले असता सूक्ष्म जीवांच्या क्रियेने मिथेन व कर्बद्विप्राणिद यांचे मिश्रण निर्माण होते. १ किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. थंडीत हे प्रमाण घटते. नत्र बहुतांशी मळीतच राहतो. परंतु मळी उघड्यावर वाळत ठेवल्यास त्यातील काही भाग अमोनियाच्या रूपाने उडून जातो. जशभाई पटेल यांच्या गोबर-गॅस संयंत्रास खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून ही पद्धती देशभर पसरली. मात्र ज्याच्याजवळ पुरेशी जनावरे व पाणी नाही, त्यास ती उपयोगी पडत नाही.

तात्पर्य, पदार्थ कोठे गोळा होतो आणि त्यातील जमिनीचा अंश कोठे जातो, या दोन प्रश्नांची उत्तरे पाहूनच त्याचा उपयोग ठरवावा. केवळ उष्णतेचे मोजमाप त्यास पुरेसे नाही.