कॅसेट कुणाची, मालिका कुणाची?

गेल्या गणपतीत लालबागला बहिणीकडे जेवणे आटोपली आणि नेहमीचा वाद निघाला : मालिका पूर्वीच्या चांगल्या की आजच्या? बहिणीने ‘चिमणराव’ पुढे केला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चि. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर उभे केले, तेव्हा आमच्या मजल्यावर टीव्ही एकच होता आणि त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. विशीतला भाचा शांतपणे म्हणाला, “असेल गं आई. पण दाखव ना.”

दाखवणार काय? तेव्हा कार्यक्रम लागला की बघायचा आणि संपला की संपला. चि. वि. जोशींची पुस्तके मात्र कपाटात होती. पुस्तकांवर रात्रभर भांडता आले असते. मालिकेवर आम्ही फक्त आठवणी लढवत होतो.

मग मी भाच्यालाच विचारले, “तुझे गेम तरी तुझे आहेत का?” त्याने पैसे मोजून घेतलेले शंभरेक खेळ एका खात्यात आहेत. त्यातला एक मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. “विकत घेतलेत, मामा,” तो म्हणाला; पण आवाज जरा खाली आला होता.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा या बाबतीतला प्रवास पाहण्यासारखा आहे. पुस्तकाची एकदा विकलेली प्रत घेणाऱ्याची. ती रद्दीत द्या, नाहीतर फुटपाथवर विका. संगणकीय प्रणालींच्या बाबतीत मात्र १९९४ च्या दुरुस्तीने, प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती पुन्हा विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क हक्कधारकाकडेच ठेवला. १९९९ मध्ये त्या अर्थाचे शब्द वगळले गेले. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, ती बिघडेल किंवा हरवेल या भीतीपोटी, राखीव प्रत काढण्याचीही मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, विक्रीकराच्या एका खटल्यात, सीडीवरील सॉफ्टवेअर हा ‘माल’च मानला. २०२१ मध्ये, आयकराच्या वादात, अशा सॉफ्टवेअरसाठी परदेशी कंपनीला दिलेले पैसे म्हणजे स्वामित्वशुल्क नव्हे, असा निर्णय दिला. कर लावायच्या वेळी ती वस्तू असते. गिऱ्हाईक हक्क सांगू लागले की ती परवाना होते.

‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाने हा प्रश्न जगभर गाजवला. २०१४ मध्ये आलेला हा खेळ कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नसे. ३१ मार्च २०२४ रोजी युबीसॉफ्टने सर्व्हर बंद केले, आणि दुकानातून आणलेली तबकडीही निरुपयोगी झाली. त्यानंतर रॉस स्कॉट याने सुरू केलेल्या मोहिमेच्या युरोपातील अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी : सर्व्हर कायम चालवू नका, पण बंद करताना खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून, मिळतो तो परवानाच असेल तर ‘खरेदी’ म्हणताना ते स्पष्ट सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले. पाटी खरी झाली, माल तोच राहिला. मला हा उपाय फार तोकडा वाटतो.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. सर्व्हर चालवायला पैसा लागतो, आणि खेळातल्या गाड्यांचे किंवा गाण्यांचे परवानेही मुदतीचे असतात. पण एकट्याने खेळायच्या खेळालाही सर्व्हरची दोरी बांधायची, हा निर्णय त्यांचाच असतो.

बहिणीच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातली एक पिवळी कॅसेट आहे; कार्ट्रिजला आम्ही कॅसेटच म्हणत होतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली. मजल्यावरच्या चार घरांत फिरून आली, अजून चालते. गंमत अशी की ती नक्कल होती. आमच्याकडे टिकलेली एकमेव गोष्ट कायद्याच्या नजरेत आमची नव्हतीच.

अशा प्रतींचे ऋण दूरचित्रवाणीवर आहे. टेप महाग असत, त्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत होती. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातले कित्येक भाग असेच घालवले. हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता. परवानगी कुणी विचारली नव्हती.

पुस्तकांसाठी आपण ही सोय नशिबावर सोडली नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. त्यांतले एक म्हणजे आपले टाऊन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. मालिका किंवा खेळ यांच्यासाठी असे बंधन नाही. वादाचा निकाल लागला नाही, पण दुसऱ्या दिवशी मी भाच्याला त्या कायद्यातली ‘पुस्तका’ची व्याख्या वाचून दाखवली. तीत पत्रिका येते, स्वतंत्रपणे छापलेला नकाशा येतो, तक्ता येतो, संगीताचे पानही येते.

“नकाशा चालतो?” त्याने विचारले आणि माळ्यावरची कॅसेट काढून सुती कपड्याने तिचे पितळी दात पुसायला घेतले.