उजवीकडून वाचायची भाषा

संगणकाच्या बहुतेक भाषा यंत्राला हुकूम फर्मावण्यासाठी निर्माण झाल्या. एपीएल मात्र फळ्यावर जन्मली. हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असताना रूढ गणिती लेखनातील विसंगतींना कंटाळलेले कॅनडाचे गणिती केनेथ आयव्हर्सन यांनी आपल्या अध्यापनाच्या सोयीसाठी चिन्हांची एक नवी लिपी रचली. पुढे तेथे कायम नेमणूक न मिळाल्यामुळे ते १९६० साली आयबीएममध्ये गेले. १९६२ साली त्यांचे 'अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हे पुस्तक निघाले, आणि त्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच भाषेचे नामकरण झाले. यंत्रावर ती चालू लागली १९६६च्या सुमारास, म्हणजे तिचे व्याकरण आधी आणि बोलणारे यंत्र मागाहून, असा हा उलटा क्रम.

तिच्या मितभाषणाचा एक दाखला पाहू. चार विद्यार्थ्यांचे गुण ६२, २८, ७८, ४१ असून उत्तीर्णतेची मर्यादा ३५ आहे. तर उत्तीर्ण किती? इतर भाषांत पहिला विद्यार्थी घ्या, तपासा, मोजणीत एक मिळवा, पुढच्याकडे वळा, असा कारकुनी तपशील लिहावा लागतो. एपीएलमध्ये एवढेच लिहितात:

+/३५≤६२ २८ ७८ ४१

तुलना एकदम चारही गुणांशी होते आणि खऱ्याला १, खोट्याला ० ह्या न्यायाने १ ० १ १ अशी ओळ तयार होते. '+/' ह्या जोडचिन्हाचा अर्थ असा की, ओळीतील लगतच्या संख्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत अधिकचिन्ह ठेवावे. उत्तर ३.

नवख्याची खरी अडचण निराळीच असते. ह्या भाषेत गुणाकार आधी आणि बेरीज नंतर हा शाळेतला शिरस्ता नाही. सर्व क्रियांचा दर्जा समान, आणि प्रत्येक चिन्ह आपल्या उजवीकडील संपूर्ण मजकुराला लागू होते. म्हणून ३×४+५ म्हणजे १७ नव्हे, २७. परंतु वरील ओळ उजवीकडून वाचून पाहावी: गुण, ३५ हून, कमी नाहीत असे, मोजा. हा तर आपल्या वाक्याचाच क्रम! कर्म अगोदर आणि क्रियापद अखेरीस, ही मराठीची घडण तिच्या गणनक्रमाशी इतकी जुळते, की इंग्रजी वाचकाला जे उफराटे वाटते ते आपल्याला जिभेवरचे वाटावे. शिकविणाऱ्याने ह्या योगायोगाचा लाभ अवश्य घ्यावा.

आणि शिकवावे ते मोठ्याने वाचून. पाणिनीची सूत्रे वृत्तीवाचून आणि भाष्यावाचून कोणी अभ्यासीत नाही. अर्ध्या मात्रेची बचत ज्यांना पुत्रजन्मासारखी वाटे, त्या वैयाकरणांनाही अध्यापनसमयी सूत्र उलगडूनच सांगावे लागे. एपीएलची ओळही तशीच उलगडावी: उजवे टोक हाती धरून, प्रत्येक चिन्हापाशी थांबून, तोवर काय निष्पन्न झाले ते शिष्याकडून वदवून घेत. 'लिहिली ती लिहिली, पुन्हा वाचवत नाही' हा तिच्यावरील आरोप बव्हंशी असे वाचन न केल्याचा परिणाम होय. बव्हंशी म्हणतो, कारण चातुर्याच्या हव्यासाने सारा कार्यक्रम एकाच ओळीत कोंबणारे महाभागही आहेत, आणि त्यांची वकिली मी करणार नाही. ज्यांची बोटे वर्षानुवर्षे 'एकेक घ्या, तपासा' ह्या सवयीत मुरली आहेत, त्यांना विस्मरणाचे कष्ट अधिक पडतात. कोरी पाटी येथे भाग्याची.

१९७९ साली ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना आयव्हर्सन यांनी व्याख्यानासाठी विषय निवडला तो विचाराचे साधन म्हणून चिन्हलिपी हा. पुढे रॉजर हुई यांच्यासह त्यांनी १९९०मध्ये 'जे' ही उत्तराधिकारी भाषा सिद्ध केली, आणि तीत आपली लाडकी चिन्हे सोडून साध्या कळफलकावरील अक्षरे पत्करली.

वाचकांनी आता कागदपेन्सिल घेऊन -/१ २ ३ ४ ५ हे स्वतः सोडवून पाहावे. उत्तर ३ येते. उणे तेरा आल्यास हात जुन्या सवयीने डावीकडून निघाला, असे समजावे.