वर्षातली ४८ मिनिटं

वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. समजा, एखाद्याला महिन्यातून दोनदा फिट येते आणि प्रत्येक फिट दोन मिनिटं टिकते. वर्षाचा हिशेब होतो ४८ मिनिटं, म्हणजे अकरा हजार मिनिटांत जेमतेम एक. पण ती कधी येणार हे ठाऊक नसतं, म्हणून पोहणं, गाडी चालवणं, एकट्यानं प्रवास करणं हे सगळं बारा महिने बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी माणसं अपस्मारासह जगतात.

ही मिनिटं वाटेल तेव्हा येतात, असा समज जुना आहे आणि त्याला छेद देणारे आकडेही जुनेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी ८४० रुग्णांच्या झटक्यांच्या वेळा मांडल्या. ४२ टक्के रुग्णांना फिट फक्त दिवसा येत, २१ टक्क्यांना फक्त रात्री. दिवसरात्र केव्हाही फिट येणारे होते ३७ टक्के.

असं का व्हावं, याचं अर्धं उत्तर झोपेत आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. जागेपणी त्या आपापल्या कामात असतात, त्यांच्यात एकसूर नसतो. गाढ झोपेत मात्र लाखो पेशी सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा, एकदम गप्प होतात आणि एकदम बोलू लागतात. फिट म्हणजे पेशींनी मोठ्या संख्येनं एकाच वेळी पेटणं. त्यामुळे या एकसुरी झोपेत तिला वाट सोपी होते. स्वप्नांच्या झोपेत, जेव्हा बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, तेव्हा हा एकसूर मोडतो. ४२ अभ्यासांतल्या १,४५८ रुग्णांची आकडेवारी २०१३ मध्ये एकत्र तपासली गेली. झोपेतल्या फिटपैकी स्वप्नावस्थेत आलेल्या होत्या एक टक्का किंवा त्याहून कमी. मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फिटच्या बाबतीत ही अवस्था जागेपणापेक्षाही जवळपास आठपट सुरक्षित ठरली.

उरलेलं उत्तर घड्याळाचं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे. मेंदूच्या ४३ लाख पेशींमागे एक, एवढाच त्याचा वाटा. तरी शरीराची दिवसरात्र तोच ठरवतो. त्याचा स्वतःचा दिवस २४ तासांहून काही मिनिटांनी मोठा असतो आणि उजेडाच्या मदतीनं तो रोज जुळवून घेतो. फिट मेंदूच्या कोणत्या भागातून उठते, त्यावर तिची वेळही बदलते. कपाळामागच्या भागातली बहुधा झोपेत गाठते, कानशिलामागच्या भागातली बऱ्याचदा दिवसा. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारात तर सकाळी उठल्या उठल्या हातांना हिसके बसतात, आणि आदल्या रात्रीचं जागरण हे त्याचं नेहमीचं निमित्त असतं.

इथवरचं डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यापुढचं दिसायला मेंदूवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागली, कारण दवाखान्यातला नेहमीचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, अर्ध्या तासात आटोपतो. मेलबर्नमध्ये १५ रुग्णांच्या कवटीखाली प्रत्येकी १६ इलेक्ट्रोड बसवले गेले. प्रत्येक इलेक्ट्रोड सेकंदाला ४०० नोंदी घेई. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या नोंदी ५५ कोटींवर. अमेरिकेत मेंदूत कायम राहणारी उपकरणं बसवलेल्या ३७ जणांच्या नोंदी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. काहींच्या तर दहा वर्षांच्या होत्या. त्यांत रोजच्या लयीखाली दुसरी, संथ लय सापडली. बहुतेकदा २० ते ३० दिवसांची, स्त्रियांत आणि पुरुषांतही. रोजच्या भरतीवर उधाण चढावं तशी ही लाट चढू लागली की फिटचा धोका वाढतो.

अमावस्या-पौर्णिमेला फिट येते, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पण चंद्र सगळ्यांना एकच. त्याच्यामुळे असतं तर सगळ्यांची लाट एकाच दिवशी चढली असती. प्रत्यक्षात चक्राची लांबी आणि चढाचे दिवस माणसागणिक वेगळे निघाले. २०२१ मधल्या मोठ्या अभ्यासात चोवीस तासांचं चक्र तपासलेल्यांपैकी ८९ टक्क्यांत, अनेक दिवसांचं ६० टक्क्यांत आणि वर्षाचं १२ टक्क्यांत आढळलं.

चक्र कळलं की अंदाज बांधता येतो. त्याच वर्षी १५७ रुग्णांच्या नोंदींवर ही पद्धत पडताळली गेली. १०३ जणांच्या बाबतीत एक दिवस आधीचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा सरस ठरला, ६१ जणांच्या बाबतीत तीन दिवस आधीचाही.

अर्थात, असली उपकरणं सगळ्यांच्या आवाक्यातली नाहीत. बाकीच्यांच्या हाती फिटच्या नोंदींची वही आहे, आणि वही निम्म्याहून जास्त फिट चुकवते. जर्मनीतल्या बॉनच्या रुग्णालयात कॅमेऱ्यानं टिपलेल्या फिटपैकी ५५ टक्के रुग्णांनी नोंदवल्याच नव्हत्या, झोपेतल्या तर ८६ टक्के. त्यांना त्या कळल्याच नव्हत्या. म्हणून वही रुग्णाबरोबर घरच्यांनीही भरावी. नुसती तारीख पुरत नाही. किती वाजता, झोपेत की जागेपणी, आदल्या रात्री किती तास झोप झाली, हेही लिहावं. गोळीची वेळ आपल्या मनानं बदलू नये. मात्र धोक्याचे तास कोणते हे वहीत दिसलं, तर ती बदलावी का हे डॉक्टरांना ठरवता येतं.